आधी वजनकाटा, मग अमेरिकन ट्रक

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा : मेलबर्नच्या टारनीटमध्ये तुमचं घर. तुम्ही दोघं, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, आणि वर्षातले काही महिने भारतातून येणारी आई, कधी सोबत बाबाही. २१ फुटी, बंक बेडची कॅरॅव्हान (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पुढे नुसतं व्हॅन) बुक केली आहे, तिचं एटीएम, म्हणजे भरल्यावरचं कमाल मंजूर वजन, ३५०० किलो. लाँग सर्व्हिस लीव्ह घेऊन ॲडलेड, नलारबोर, पर्थ, ब्रूम, डार्विन, उलुरू असा मोठा फेरा मारायचा आहे. आताची एसयूव्ही हे ओढू शकणार नाही, म्हणून रॅम १५००, सिल्व्हराडो, एफ-१५० किंवा टंड्रा या अमेरिकन ट्रकांपैकी काय घ्यावं, असं विचारलंय. शेवटी एका ओळीत आणखी एक प्रश्न आहे, बायकोला हे चालवता येईल का. त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

मी मेलबर्नच्या डँडेनाँग भागात टोबार (गाडीमागचा ओढायचा दांडा) आणि ब्रेक कंट्रोलर (गाडीतून व्हॅनचे ब्रेक चालवणारं यंत्र) बसवायचं आणि व्हॅन वजन करून द्यायचं काम १६ वर्षं करतोय. माझ्याकडे स्वतःची २०२० ची रॅम १५०० आहे आणि ती मला आवडते. तरीही तुम्हाला आधी ट्रकचं नाव सांगणार नाही. चारही ट्रक जोडणीच्या ७० मिलिमीटरच्या बॉलवर ४५०० किलो ओढायला मंजूर आहेत, त्यामुळे ‘ओढेल का’ हा प्रश्न तिथेच मिटतो. तुमची खरी अडचण वेगळी आहे. गाडीवर किती वजन चढणार आणि ते कुठे बसणार, ते पाहायला हवं. ओढायची ताकद भरपूर उरते आणि पेलायची संपते, हे मी काट्यावर दर महिन्याला बघतो.

चार शब्द आधी नीट समजून घ्या. एटीएम म्हणजे भरलेल्या व्हॅनचं, जोडणीतून सुटी उभी असताना, जास्तीत जास्त मंजूर वजन. जीव्हीएम म्हणजे गाडीचं, त्यात बसलेल्या माणसांचं, सामानाचं आणि व्हॅनने बॉलवर टाकलेल्या भाराचं मिळून जास्तीत जास्त वजन. जीसीएम म्हणजे गाडी आणि व्हॅन दोन्ही मिळून. आणि बॉल वेट म्हणजे व्हॅनचा जो भार टोबॉलवर उतरतो तो. इथल्या व्हॅनला तो साधारण एटीएमच्या दहा टक्के धरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ३५० किलो. लोक चुकतात ते इथेच. हे ३५० किलो गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे ती पेलू शकते त्या वजनातून जातात. पाच माणसं बसायच्या आधीच ट्रकवर चार धट्टेकट्टे पुरुष बसलेत असं समजा.

आता हिशेब. माझ्या रॅमचाच घेतो, कारण तो पाठ आहे. जीव्हीएम ३४५० किलो, गाडीचं स्वतःचं वजन २६५० च्या आसपास, म्हणजे पेलोड ८००. त्यातून बॉलचे ३५० गेले, उरले ४५०. तुम्ही दोघं, मुलं आणि आई मिळून २७० किलो धरू. उरले १८०. मागे हौद्यावर कॅनपी बसवणारच, ती ९० किलोची. उरले ९०. भरलेला फ्रिज ४५, वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बॉलवरचा भार पुढे वाटणारी जोडणी) ३०. राहिले १५ किलो. अजून जनरेटर नाही, जळणाचं लाकूड नाही, मुलांच्या सायकली नाहीत, हत्यारांची पेटीही नाही.

हाच हिशेब ४५०० किलोच्या व्हॅनसाठी करा. बॉलवर ४५० गेले, उरले ३५०, माणसं बसली की ८०. जाहिरातीत ‘साडेचार टन’ मोठ्या अक्षरात असतं, हे ८० किलो कुठेच नसतात. मॉडेल आणि ट्रिमप्रमाणे (त्याच मॉडेलची साधी किंवा महाग आवृत्ती) आकडे बदलतात. महागडा ट्रिम, सनरूफ, मोठी चाकं घेतली की पेलोड घटतो. म्हणून कुठलाही ट्रक बघायला गेलात तर त्या ट्रिमचं कर्ब वेट (गाडीचं स्वतःचं वजन) आणि जीव्हीएम लिहून घ्या, वजाबाकी स्वतः करा.

मग बाकीच्या गाड्या? नेहमीची डबल कॅब यूट, म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप, घ्या. ढोबळ आकडे : स्वतःचं वजन २२००, जीव्हीएम ३१००, जीसीएम ६०००. पेलोड ९००, म्हणजे माझ्या रॅमपेक्षा जास्त दिसतो. पण ३५०० ची व्हॅन मागे आली की जीसीएममधून गाडीला उरतात २५०० किलो. म्हणजे माणसं धरून सगळ्याला मिळून ३०० किलो. पाच माणसं बसली की खेळ संपला. लँडक्रूझर ३०० चा जीसीएम ६७५० आणि जीव्हीएम ३२८०. तिथे जीसीएम आड येत नाही, जीव्हीएम येतो. पेलोड साधारण ६७० धरला तर बॉलचे ३५० जाऊन ३२० उरतात.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. ३५०० किलोची व्हॅन ओढताना यूटला ३००, लँडक्रूझरला ३२०, आणि एवढ्या मोठ्या अमेरिकन ट्रकला ४५०. सगळा फरक दीडशे किलोंचा. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना हा आकडा सांगितला की ते गप्प होतात, कारण त्यांच्या मनात हा फरक टनात असतो.

म्हणजे ट्रकचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. तो उपयोग दुसरीकडे आहे आणि मोठा आहे. तो समजण्यासाठी मला गावाकडची गोष्ट सांगावी लागते.

माझं गाव सांगली जिल्ह्यातलं. बैलगाडी भरताना आजोबा एकेक पोतं कुठे ठेवायचं ते हातानं दाखवायचे. भार मागे गेला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातल्या सापत्या काचतात. भार पुढे जास्त झाला की जू मानेवर बसतं आणि बैल दोन मैलांत थकतो. कॅरॅव्हानचं अगदी तसंच आहे. चाकं मधे, जोडणी पुढे. मागच्या बंपरवर दोन सायकली, एक टूलबॉक्स आणि दुसरं स्पेअर चाक टांगलंत की व्हॅन उलाळ होते. फरक इतकाच की बैलगाडी उलाळली तर ती तिथेच कळते. व्हॅन उलाळ असेल तर ते ताशी ९५ किलोमीटरला कळतं.

मला ते कळलं हॉर्शमच्या पुढे, वेस्टर्न हायवेवर. तेव्हा माझ्याकडे प्रॅडो होती आणि तिच्या मर्यादेत बसणारी २.३ टनांची व्हॅन. कागदावर सगळं बरोबर होतं. पण निघताना मागची पाण्याची टाकी पूर्ण भरली होती आणि सायकली मागच्या बंपरवर होत्या. हलकासा उतार होता, एक लांब ट्रक ओव्हरटेक करून गेला, त्याच्या हवेनं व्हॅन एकदा डावीकडे ओढली गेली, मग उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी थोडी जास्त. तिसऱ्या झोक्याला आरशात व्हॅनची पूर्ण बाजू दिसली, खिडकीच्या पडद्यासकट. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडीच्या ब्रेकला हात लावला नाही, स्टिअरिंग धरून ठेवलं आणि डॅशखालच्या कंट्रोलरचं बटण दाबून फक्त व्हॅनचे ब्रेक लावले. व्हॅन मागून ताणली गेली आणि सरळ झाली. हिला आणि मुलीला घेऊन पुढच्या विश्रांतीच्या जागेवर अर्धा तास नुसते बसून होतो. त्या दिवसापासून माझ्या व्हॅनच्या मागच्या बंपरवर काहीही टांगलेलं नसतं. तुमच्या गाडीतही कंट्रोलरचं हे बटण कुठे आहे ते चालवणाऱ्या प्रत्येकाला डोळे मिटून सापडलं पाहिजे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून करून घेतो.

अशा प्रसंगात ट्रक कामाला येतो. एक, तो जड आहे. मागची वस्तू पुढच्यापेक्षा जड असली की मागची वस्तू हुकूम गाजवते. दोन, त्याचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांब आहे. माझ्या रॅमचा ३.५७ मीटर, लँडक्रूझर ३०० चा २.८५. ऊस भरलेल्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली तुम्ही पाहिली असतील, तीच तरफ इथेही चालते. बॉल मागच्या ॲक्सलच्या साधारण १.३५ मीटर मागे असतो. बॉलवर ३५० किलो आले की माझ्या रॅमच्या पुढच्या ॲक्सलवरून साधारण १३० किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर ३५० नाही, ४८० चढतात. व्हीलबेस छोटा असेल तर पुढून आणखी जास्त उचललं जातं. पुढची चाकं हलकी म्हणजे वळण्याची आणि ब्रेकची पकड हलकी. वेट डिस्ट्रिब्युशन हिच हाच भार थोडा पुढे परत पाठवते, पण बॉलचं वजन जीव्हीएमच्या हिशेबातून गायब करत नाही. विकणारे कधी कधी तसं सुचवतात, ते ऐकू नका.

काट्यावरचा एक प्रसंग सांगतो. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त जोडपं आलं. नवा अमेरिकन ट्रक, नवी ३.५ टनांची व्हॅन, पुढच्या सोमवारी केर्न्सकडे निघायचं. मी प्रत्येक चाकाखाली पॅड सरकवले. व्हॅन ३४१० भरली, मर्यादेत. बॉलवर ४१०. ट्रकचा एकूण आकडा जीव्हीएमच्या ६० किलो वर, आणि मागचा ॲक्सल त्याच्या मर्यादेच्या ९५ किलो वर. त्या बाई काही न बोलता कॅनपी उघडून एकेक वस्तू यार्डात ओळीनं मांडू लागल्या. बिडाची कढई, दोन गॅस सिलिंडर, दुसरी बॅटरी, पाण्याचे कॅन, करवत, लाकडाच्या दोन गोण्या. काकांना ओळ बघून धक्का बसला, कारण प्रत्येक वस्तू घेताना ती एकटी आणि गरजेची वाटली होती. आम्ही व्हॅनच्या पुढच्या पेटीतलं थोडं सामान व्हॅनच्या ॲक्सलवर आणलं, लाकूड आणि कॅन तिथेच सोडले. दुसऱ्यांदा काट्यावर घेतली तेव्हा सगळं आत बसलं, मागच्या ॲक्सलला २० किलो उरवून. एवढ्यासाठी दीड तास लागला. ते दीड तास न घालवता ते हजारो किलोमीटर गेले असते आणि वाटेत अपघात झाला असता तर विमा कंपनीनं पहिला प्रश्न वजनाचाच विचारला असता.

म्हणून पहिलं काम, आणि ते याच आठवड्यात करा : व्हॅन बनवणाऱ्या कारखान्याला फोन करा. तुम्ही म्हणता अजून चासी सुरू झालेली नाही. मग तुमच्या हातात सगळं आहे. त्यांना विचारा, तुम्ही निवडलेल्या सगळ्या ऑप्शन्ससकट टेअर, म्हणजे रिकाम्या व्हॅनचं वजन, किती येईल आणि रिकाम्या व्हॅनचं बॉल वेट किती. माहितीपत्रकातला टेअर बहुधा ऑप्शन्स धरून नसतो. सोलर, जास्तीची बॅटरी, वॉशिंग मशीन, दुसरी ऑनिंग, दुसरी पाण्याची टाकी हे सगळं त्यावर चढतं. पाण्याच्या टाक्या ॲक्सलच्या पुढे आहेत की मागे तेही विचारा, कारण ९५ लिटरची टाकी भरली की ९५ किलो आणि त्यानं बॉल वेट वर-खाली होतं. ३५०० मधून खरा टेअर वजा करून ४०० किलो तरी उरले पाहिजेत. २१ फुटी फॅमिली व्हॅनमध्ये पाच जणांचं पाणी, गॅस, कपडे, भांडी, अन्न भरल्यावर ४०० फार नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असतो तर १९ फुटी बंक व्हॅन घेतली असती, एटीएम ३००० च्या आत. दोन फूट कमी झाल्यानं मुलांना काही कळत नाही, पण गाडीला कळतं. बॉलवर ५० किलो वाचतात, जीसीएममध्ये ५०० वाचतात, आणि गाडीचे पर्याय एकदम मोकळे होतात. मग लँडक्रूझर ३०० आरामात बसते, चांगली व्ही-सिक्स यूटही चालते.

इथे एक गोष्ट तुमच्या प्रश्नात तुम्हीच लिहिली आहे आणि तुमच्या लक्षात आली नसावी. आई-बाबा दोघं आले की तुम्ही सहा होता. इथे विकल्या जाणाऱ्या या अमेरिकन ट्रकांत पाच सीट असतात. सहावा माणूस बसत नाही, आणि आई-बाबांपैकी एकाला घरी ठेवून फिरायला तुम्ही जाणार नाही. लँडक्रूझरच्या काही ट्रिममध्ये सात सीट मिळतात, अर्थात सहा माणसं बसली की वजनाचा हिशेब पुन्हा घट्ट होतो. सहा जणांचा प्रवास किती वेळा होणार हे प्रामाणिकपणे ठरवा. वर्षातून एकदा, व्हॅनशिवाय असेल तर भाड्याची गाडी घेता येते.

आता इतर गोष्टी, ज्या परिस्थितीवर अवलंबून आहेत.

रोजचं जगणं. या वर्गातले ट्रक जवळपास ५.९ मीटर लांब, आरसे सोडून दोन मीटरहून रुंद. इथली पार्किंगची प्रमाणित जागा ५.४ मीटर लांब असते. म्हणजे शॉपिंग सेंटरमध्ये अर्धा मीटर नाक बाहेर, रोज. २०२३ मध्ये स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलियाने ही लांबी २० सेंटिमीटरने वाढवायचा मसुदा मांडला होता, पण जुनी पार्किंग कोण पाडणार? टारनीटसारख्या नव्या वस्तीतलं दुहेरी गॅरेज आतून सहा मीटर किंवा त्याहून कमी असतं. आज संध्याकाळी टेप घेऊन गॅरेजमध्ये जा, आतल्या भिंतीपासून ५.९ मीटरवर खडूनं रेघ मारा. दरवाजा बंद होतो का, पुढून चालायला जागा राहते का, तेही बघा. ट्रक बाहेर रस्त्यावर उभा राहणार असेल तर तो निर्णयाचा भाग आहे.

आणि बॉनेट. माझ्या ट्रकच्या पुढे लहान मूल उभं असेल तर ते सीटवरून दिसत नाही. पुढचा कॅमेरा असला तरी मी स्टार्ट करण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, कितीही घाई असली तरी. कॅरॅव्हान पार्कमध्ये मुलं सायकलवर कुठूनही येतात. तुमची मुलं मोठी आहेत, शेजारच्यांची नसतील. ही सवय ट्रक घ्यायच्या आधीच लावून घ्या.

इंधनाची भीती लोक चुकीच्या जागी बाळगतात. माझी व्ही-एट पेट्रोल व्हॅनसकट शंभर किलोमीटरला २२ ते २५ लिटर पिते, समोरून वारा असला की जास्त. देशाभोवती फिरणाऱ्या हायवे वनचा पूर्ण फेरा साधारण १४,५०० किलोमीटर. डिझेल गाडीपेक्षा दर शंभराला पाच लिटर जादा धरले तर ७२५ लिटर, दोन डॉलरच्या भावानं १४५० डॉलर. लाख डॉलरच्या वरच्या गाडीचा पहिल्या दोन वर्षांचा घसारा आणि विम्याचा हप्ता याच्यापुढे ही रक्कम छोटी आहे. विम्याचं कोटेशन ट्रकचं टोकन देण्याआधी घ्या, नंतर नाही. काचा, दिवे, बंपर किती दिवसांत मिळतात हेही तिथेच विचारा. तुम्ही सांगितलेले चारही ट्रक मेलबर्नमध्येच उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे होतात, त्यामुळे तुम्ही योग्य शहरात राहता. पण जुना, खासगी कारागिराकडून बदलून घेतलेला ट्रक स्वस्त मिळाला म्हणून भुलू नका. १ जुलै २०२१ पासून रस्त्यावर आणायला मंजूर गाड्यांची सरकारी नोंदवही आहे, रजिस्टर ऑफ अप्रूव्ह्ड व्हेइकल्स. त्यानंतर आलेल्या गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) त्यात शोधून बघा.

नलारबोरच्या ओसाड पट्ट्याची भीतीही जरा बाजूला ठेवा. सेडूना ते नॉर्समन १२०० किलोमीटर, पण दोन पंपांमधलं अंतर कुठेच २०० च्या वर नाही. खरी लांब पट्टी उत्तरेत आहे, पोर्ट हेडलंड ते ब्रूम. सँडफायरचा पंप सोडला की जवळपास पावणेतीनशे किलोमीटर काही नाही. ९८ लिटरच्या टाकीत २५ च्या हिशेबानं ३९० किलोमीटर होतात, वारा उलटा असेल तर गणित तंग होतं. पश्चिमेकडे जाताना वारा तोंडावर असतो तेव्हा वेग कमी करणं हाच उपाय. ताशी ९० ने चाललात आणि समोरून ३० चा वारा असेल तर व्हॅनला १२० ची हवा लागते, म्हणजे शांत दिवसाच्या जवळजवळ पावणेदोन पट अवरोध. पश्चिम ऑस्ट्रेलियात ओढताना कायदाच १०० च्या पुढे जाऊ देत नाही. मी तसाही ९० ते ९५ च्या पुढे जात नाही. ज्या इंजिनला प्रीमियम पेट्रोल लागतं ते घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा की आडवाटेला प्रत्येक पंपावर प्रीमियम नसतं, आणि मध्य-उत्तर भागातल्या कित्येक वस्त्यांत साध्या पेट्रोलऐवजी फक्त ओपल नावाचं वेगळं पेट्रोल मिळतं. डिझेल सगळीकडे असतं.

डिझेल म्हटलं की रॅम २५०० आणि सिल्व्हराडो २५०० आठवतात. व्हॅन खरोखर ३५०० च्या पुढची असेल तर मी पंधराशेच्या वर्गाकडे बघतही नाही, तिथे जातो. रॅम २५०० चा जीव्हीएम ४४९५ किलो आहे, साडेचार टनांच्या रेषेच्या पाच किलो खाली, म्हणून साध्या कार लायसन्सवर चालते. तुमच्यासाठी ती जास्तच होईल.

जोडणीबद्दल तीन गोष्टी पटकन. ५० मिलिमीटरचा बॉल ३५०० पर्यंतच, त्यापुढे ७०, आणि व्हॅनचं कपलिंग तसंच हवं. ट्रकमध्ये कंपनीचा ब्रेक कंट्रोलर असतो, पण व्हॅनवरच्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी सिस्टीमशी तो जुळतो का हे व्हॅनवाल्यांकडून लेखी घ्या. मी काही ठिकाणी वेगळा कंट्रोलर बसवून दिला आहे. आणि व्हॅन दोन टनांच्या वरची असल्यानं ब्रेकअवे सिस्टीम (व्हॅन सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी) असणारच, तिची बॅटरी दर प्रवासाआधी तपासा.

तर माझं मत असं. व्हॅन ३००० च्या आत आणता येत असेल आणि घरात सहा माणसांचा विचार करायचा असेल, तर लँडक्रूझर ३००. व्हॅन ३५०० चीच ठेवायची, वर्षाला पाच-सहा आठवडे ओढायची, पाच माणसं पुरेत आणि ट्रक उभा करायला जागा आहे, तर पंधराशेचा वर्ग घ्या. त्यातला सगळ्यात जास्त पेलोडचा, खालचा ट्रिम. कुठली कंपनी, हा प्रश्न माझ्या लेखी त्यानंतरचा. जवळचं वर्कशॉप कुणाचं चांगलं आहे त्यावर ठरवा. एकाच फेऱ्यासाठी घेत असाल तर घेऊ नका.

आता तुमच्या बायकोचा प्रश्न. हो, चालवता येईल, तिचं कार लायसन्स पुरेसं आहे. माझं म्हणणं आहे की तिला चालवता आलंच पाहिजे. काल्गूर्लीच्या पुढे तुमचं पोट बिघडलं तर दवाखान्यापर्यंत ती नेणार. ओढण्याचा एक दिवसाचा कोर्स दोघांनी मिळून करा, तो पैसा वाया जात नाही.

माझ्या बायकोला मी एका रविवारी रिकाम्या मार्केटच्या आवारात शिकवलं. उलट घेताना हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला ठेवला की डोकं उलटसुलट होतं. हात तळाशी धरायचा. मग हात ज्या बाजूला नेलात त्या बाजूला व्हॅनचं शेपूट जातं. तिनं अर्ध्या तासात दोन कोनांच्या मधे व्हॅन घातली. मी बाहेर उभा राहून ओरडत होतो, तर तिनं काच खाली करून सांगितलं, ओरडू नकोस, फोनवर हळू बोल. तेव्हापासून आम्ही मागे उभं राहणाऱ्यानं फोन चालू ठेवायचा हाच नियम पाळतो.

पहिला मोठा उतार तिला तुम्ही शेजारी बसलेले असताना घेऊ द्या. मेलबर्नहून ॲडलेडला जाताना क्रेफर्सनंतर साउथ ईस्टर्न फ्रीवे लांबच लांब उतरतो, जड ट्रकांना तिथे ६० ची मर्यादा आहे. वरूनच खालच्या गिअरमध्ये घ्या, डावी लेन धरा, आणि ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी अधूनमधून ठाम दाबून सोडा. मागचे लोक हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. काट्याचे आकडे हातात आले की मला पाठवा, दोन्ही ॲक्सल वेगवेगळे लिहून. त्यावरून ट्रिमपर्यंत सांगतो.